जीपमधली तिसरी जागा

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक तरुण जोडपं राहतं. गेल्या वर्षी त्यांनी कुठूनतरी एक जुनाट जीप उचलून आणली आणि तिचं फिरतं घर करायला घेतलं. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून ग्राइंडरची किरकिर. मागच्या फळीवर ओटा, ओट्याखाली इवलासा फ्रिज, टपावर उघडमीट होणारा तंबू, आणि या सगळ्याचे मोबाइलवर व्हिडिओ. परवा त्या मुलीनं मला हौसेनं खाली नेलं, एकेक कप्पा उघडून दाखवला आणि विचारलं, "काकू, कशी वाटली?" मी म्हणाले, "तुमचं दोघांचं भांडण झालं तर यात निजायचं कुणी कुठं?" ती हसली. तिला वाटलं म्हातारी गंमत करतेय. मी गंमत करत नव्हते. मला ती गाडी बघवत नव्हती. साठी उलटली तरी जीप दिसली की माझं डोकं फिरतं, आणि तो राग त्या पोरीवर नाही एवढं मला कळतं. ज्यांच्यावर आहे त्यांतले दोघे वर गेले. तिसरी मी. म्हणून हे प्रकरण लिहायला बसले.

आम्ही पडेगावात राहायचो, दौलताबादकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत. तेव्हा तिथं वस्ती विरळ होती. पहाटे छावणीतला बिगूल ऐकू यायचा आणि दिवसभर वेरूळला जाणाऱ्या बसचे हॉर्न. आमचं मूळ गाव अजिंठ्याजवळचं. तिथं काळी जमीन, आणि इथं आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, दोन मुलांसाठी बांधलेलं एकच घर. थोरले माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते सरकारी कचेरीत कारकून होते. धाकटे नाना, माझे काका, कारखान्यात फिटर. आबा गेल्यावर घराच्या मधोमध विटांची भिंत उभी राहिली. दारं दोन झाली, चुली दोन झाल्या, अंगण मात्र एकच राहिलं, कारण अंगणात लिंबाखाली आबांची जीप उभी होती आणि ती कुणाच्या वाट्याला जाणार हे ठरवायला दोघांना एकमेकांशी बोलावं लागलं असतं. ते दोघे बोलत नव्हते. सात वर्षं.

भांडण त्या जीपचंच. छावणीतल्या लिलावात आबांनी ती शेतीसाठी घेतली होती. पुढच्या चाकांनाही ओढ देणारी, आडरानात चालणारी, म्हणून गावात तिचा मोठा दबदबा होता. आबा गावी आजारी पडले तेव्हा त्यांना शहरात दवाखान्यात न्यायला नाना जीप घेऊन गेले. परत येताना नाल्याच्या चिखलात गाडी रुतली. पुढची चाकं फिरवणारा दुसरा गिअर पडेना. बैलजोडी मिळून गाडी निघेपर्यंत दिवस मावळला होता आणि आबा मागच्या बाकावर गेलेले होते. तेराव्याला सगळ्या भावकीसमोर अण्णा म्हणाले, "चालवता येत नव्हती तर हात काहून लावला?" नानांनी ताटावरून उठून हात धुतले आणि त्यानंतर सख्ख्या भावाला एक शब्द बोलले नाहीत. अण्णाही कमी नव्हते. त्यांनीही तोंड शिवून घेतलं.

पण एका घरात राहायचं तर पाण्याची मोटर कधी लावायची, नळपट्टीचा कागद कुणाकडे आहे, गावची ज्वारी कधी येणार, हे सांगावंच लागतं. त्यासाठी मी होते. भांडण झालं तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि दोन्ही घरांत मिळून मी एकटीच पोर, नानांना मूलबाळ नव्हतं. अण्णा म्हणायचे, "मंगल, नानाला सांग, मोटर बंद कर म्हणावं." नाना तिथंच चार हातांवर नळाशी उभे असायचे. त्यांना सगळं ऐकू जायचं. पण मी जाऊन सांगेपर्यंत ते हलायचे नाहीत. मी समोर उभी राहून म्हणायचे, "नाना, अण्णा म्हणतात मोटर बंद करा." मग ते मान डोलवायचे आणि बटण दाबायचे. हा आमच्या घरचा कायदा होता. कानावर पडलेलं बोलणं बोलणं नव्हे, माझ्या तोंडून आलं तरच ते आलं. पाहुण्यांना हसू यायचं. मला नाही यायचं. दोन धडधाकट पुरुष एका पोरीला दिवसातून वीस वेळा अंगण ओलांडायला लावतात, आणि तिचा अभ्यास, तिचं जेवण, तिचं दुखणंखुपणं काही बघत नाहीत. मला त्या दोघांचा संताप यायचा. तरी खरं सांगायचं तर त्या घरात मी नसते तर एक दिवस चाललं नसतं, हेही मला पक्कं माहीत होतं आणि त्याचा मला माज होता.

बायकांची तऱ्हा वेगळी. आई आणि काकू कधी भांडल्याच नाहीत. भिंतीच्या टोकाला एक वीट सैल होती, ती काढून दोघी वाटी सरकवायच्या. इकडून येसराची आमटी, तिकडून शेंगदाण्याची चटणी. पुरुष कामावर गेले की काकू आमच्याकडे येऊन पाय पसरून बसायची. संध्याकाळी सायकलची घंटा वाजली की पदर सावरून पळायची. मी आईला विचारायचे, "तुम्ही दोघी सरळ त्यांना सांगत का नाही?" आई भाकरी थापत म्हणायची, "आपल्याला काय करायचं गं, त्यांचं ते बघतील." आज लिहिताना मला आईचाही राग येतो. सात वर्षं वीट काढली आणि घातली, भिंत पाडा असं एकदाही म्हणाली नाही.

मी सतरा वर्षांची असताना एका रविवारी नानांनी जीपचं बॉनेट उघडलं. त्यांच्या कारखान्यात भुजकडचा एक माणूस होता. त्यानं कच्छच्या रणाचं काहीतरी डोक्यात भरवून दिलं होतं, पांढरी जमीन, क्षितिजापर्यंत झाड नाही, गाडी घेऊन जावं, तिथंच चूल मांडावी, तिथंच निजावं. नानांनी ते काकूला सांगितलं, काकूनं आईला, आईनं अण्णांना. पुढच्या रविवारी अण्णा औरंगपुऱ्यात जाऊन हिरव्या ताडपत्रीचा तागा घेऊन रिक्षानं आले आणि अंगणात उलगडून बसले. म्हणाले, "नानाला सांग, गाडीवर दोघांचं नाव हाय. तो एकटा कुठं निघाला?" मी सांगितलं. नाना कानस घासत म्हणाले, "म्हणावं, यायचं तर ये. पण यंत्राला हात लावू नको." तेही मी सांगितलं, फक्त दुसरं वाक्य गिळलं. गाळून सांगायची मला तोवर सवय झाली होती. शिवी असली की वाटेत टाकून द्यायची, टोमणा असला की बोथट करायचा. त्या दोघांना वाटायचं समोरचा हळूहळू नरमतोय. नरमत कुणी नव्हतं, माझी जीभ नरम होती.

मग पाच-सहा महिने आमच्या अंगणात ते काम चाललं. नानांकडे लोखंड, अण्णांकडे लाकूड आणि कापड. नानांनी मागचे दोन्ही बाक काढले, गंजलेला पत्रा कापून नवा जोडला, स्प्रिंगांचे पाटे उतरवून रॉकेलमध्ये धुतले. अण्णांनी प्लायवूडच्या पेट्या केल्या. पेट्यांत स्टोव्ह, डाळ-तांदूळ, अंथरूण. पेट्यांवर फळ्या टाकल्या की दोघांना निजता येईल एवढा पलंग. मागची फळी साखळीवर आडवी सोडली की तिचा ओटा व्हायचा, आणि टपावरून ताडपत्री ओढून दोन बांबूंवर टांगली की ओट्यासमोर पडवी. आईनं आणि मी ती ताडपत्री सुई-दाभणानं शिवली, बोटं फाटली. मोजमापं सगळी माझ्यातून जायची. "नानाला विचार, चाकावरचा उंचवटा किती इंच?" "म्हणावं, साडेनऊ." "साडेनऊ की पावणेदहा, नीट बघ म्हणावं." "म्हणावं, डोळे हायेत मला." हे मी अण्णांना, "परत मोजलं, साडेनऊच आहे," असं सांगायचे. माझ्या हातात टेप असायचा, कानावर पेन्सिल. कॉलेजात माझं लक्ष लागेनासं झालं. मला त्या गाडीतला खिळा न् खिळा पाठ होता आणि मला त्या पांढऱ्या जमिनीवर जायचं होतं. माझ्या वयाच्या पडेगावातल्या पोरींना पैठणच्या पुढचं जग दिसत नव्हतं. मला दिसणार होतं, कारण माझ्याशिवाय त्यांना जाताच आलं नसतं. रस्ता कुठं वळतो, पेट्रोल संपलं का, थांबायचं की नाही, हे बोलणार कोण?

आईनंच एकदा तसं म्हटलं, "मंगलला न्यावं लागंल की." दोघांनाही ते पटलं. नानांनी पुढच्या दोन सीटच्या मधे, जरा मागं, अँगलची एक चौकट बसवली. अण्णांनी तिच्यावर काथ्याची गादी आणि तपकिरी रेक्झिन मारलं. तिथं बसलं की माझं डोकं बरोबर दोघांच्या डोक्यांच्या मधे यायचं. निरोपाच्या सोयीसाठी केलेली जागा होती ती, दुसऱ्या कशासाठी नाही. पण आयुष्यात माझ्यासाठी मापं घेऊन केलेली ती पहिली वस्तू. मी दुपारी कुणी नसताना तिच्यावर जाऊन बसायचे आणि रण बघायचे.

आणि मग तो दिवस आला. अण्णा जीपखाली पाठीवर पडून पेटीचा बोल्ट आवळत होते. मी पाणी आणायला आत गेले होते. परत आले तर अण्णांचा हात खालून बाहेर आला होता आणि ते म्हणत होते, "पाना दे." मला वाटलं मला म्हणाले. पण नानांनी वाकून पाना त्यांच्या हातात ठेवला. म्हणाले, "चौदाचा हाय. बसंल." अण्णा म्हणाले, "बसला." सात वर्षांनी दोन भाऊ बोलले. मी तांब्या घेऊन उभी. आईला नंतर हे सांगितलं तेव्हा तिनं देवापुढं साखर ठेवली, भिंतीपलीकडं काकू रडली. मला रडू आलं नाही. सगळ्यांनी मला सांगितलं असतं की पोरी, आनंदाची गोष्ट आहे, तरी मला ती धोक्याची वाटली.

त्याच आठवड्यात जेवताना अण्णांनी आईला सांगून टाकलं. "मंगलला आता काय न्यायचं? आमचं आम्ही बोलतो की. दोन गडी माणसं जातो अन् येतो. पोरीची जात, कुठं रानात निजवायची?" आई म्हणाली, "व्हय, तेबी खरंच." माझ्या ताटात धपाटं होतं. त्या आधी सहा महिने मी रानात निजणार हे सगळ्यांना चालत होतं. तोंडाची गरज होती तोवर मी पोर नव्हते, गरज संपल्याबरोबर पोरीची जात झाले. आमच्या घरात मी स्वतःचं असं काही बोलायची पद्धतच नव्हती. मी धपाटं संपवलं आणि त्या दोघांचा मनापासून द्वेष केला. तो शब्द मी विचार करून लिहिते आहे.

दोघे आता थेट बोलायचे, पण पाना, पक्कड, धर, सोड, एवढंच. मोठं बोलणं अजून माझ्याकडूनच जायचं, लाज वाटत असणार. पुढच्या रविवारी नानांनी तो दुसरा गिअर पुरा केला, ज्याच्यामुळे आबा गेले तो. मला शेजारी बसवून त्यांनी जीप मागच्या नांगरटीत घातली, पाणी सोडलेल्या वाफ्यात मुद्दाम रुतवली, दांडा ओढला, आणि चारी चाकं गर्रकन फिरून गाडी बाहेर आली. अंगणात आल्यावर इंजिन बंद करून ते बराच वेळ स्टिअरिंग धरून बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जा, त्याला सांग. पडतोय म्हणावं गिअर. आता नाय अडकायची. एकदा माझ्यासंगं बसून बघ म्हणावं."

माणूस सात वर्षांनी जे सांगायला धजला ते माझ्या ओंजळीत होतं. अण्णा आत दाढी करत होते. मी दारातून त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी आरशातून विचारलं, "काय म्हणतो?" मी म्हणाले, "काही नाही, पाणी मागितलं." तांब्या भरला, तुळशीपाशी थोडी थांबले आणि नानांपुढं जाऊन उभी राहिले. आवाज नेहमीचा, निरोपाचा. "अण्णा म्हणतात, गाडी तुम्ही चालवायची नाही. आबांना मारलंत तेवढं पुरे."

मला वाटलं होतं ते उसळतील, आत जाऊन जाब विचारतील आणि माझं पितळ उघडं पडेल. त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं. जणू तेवढ्याच वाक्याची ते सात वर्षं वाट बघत होते, आणि ते आल्यावर सुटल्यासारखं झालं. पाणी प्यायले, तांब्या परत दिला, पान्यांची पिशवी उघडली आणि गाडीखाली गेले. दुपारपर्यंत पुढच्या चाकांकडे जाणारा लोखंडी दांडा त्यांनी सोडवला आणि खांद्यावर टाकून आपल्या दारातून आत नेला. अण्णा कट्ट्यावरून बघत होते. "हे काय करायलाय हा? विचार त्याला." मी गेले, आले, म्हणाले, "काही सांगत नाहीत." एवढं मात्र खरं होतं. अण्णांचं तोंड लाल झालं. संध्याकाळी त्यांनी ताडपत्री उतरवली. दुसऱ्या दिवशी नानांनी टपावर स्वतः बसवलेली जाळी काढली, तिसऱ्या दिवशी अण्णांनी पेट्या. ज्यानं जे केलं होतं ते त्यानं नेलं, बोल्टसकट. सहा महिन्यांचं काम आठ दिवसांत उतरलं आणि कुणी आवाज चढवला नाही. आईनं आणि काकूनं तेव्हा वीट काढली नाही, चार दिवस. शेवटी जीपमध्ये फक्त माझी बैठक उरली. चौकट नानांची, गादी अण्णांची, म्हणून दोघांनीही तिला हात लावला नाही.

त्या बैठकीवर मी एका दुपारी जाऊन बसले आणि मला पहिल्यांदा माझी किळस आली. आधी अण्णांकडे गेले. ते कचेरीतून येऊन पाय धूत होते. मी सगळं सांगितलं, नानांचा निरोप काय होता आणि मी काय सांगितलं. मार खायची तयारी होती. अण्णांनी पायावरचं पाणी निपटलं, टॉवेल झटकला. मग म्हणाले, "मी म्हणलो नव्हतो. पण त्यात खोटं काय हाय?" मी म्हणाले, "अण्णा, त्यांनी तुम्हाला शेजारी बसायला बोलावलं होतं." ते म्हणाले, "ऐकलं. जा आता." आणि टॉवेल दांडीवर टाकून आत गेले. मला मार हवा होता. त्यांनी तोही दिला नाही.

मग मी अंगण ओलांडलं. नाना खाटेवर बसून कानशी पुसत होते. उंबऱ्याशी उभी राहून मी म्हणाले, "नाना, त्या दिवशी ते अण्णा म्हणाले नव्हते. मी बनवून सांगितलं. मला न्यायचं नाही म्हणाले म्हणून." नानांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं, रागानं नाही, तसंच, निरोप आल्यावर बघायचे तसं.

"त्यानं सांगायला लावलं व्हय हे?"

"नाही नाना. मीच आले. माझं मी सांगतेय."

"तुझं तू?" ते म्हणाले. कानस उलटी केली, दुसऱ्या बाजूनं पुसायला लागले. "बाळा, तू कधी तुझं बोललीस का? त्याला म्हणावं, पोरीला पुढं करू नको. निरोप पोचला म्हणावं."

मी अंगण ओलांडून परत आले, अण्णांपुढं उभी राहिले आणि सांगितलं, "नाना म्हणतात, निरोप पोचला."